मागणी 55 किलोवॅटची, ऑर्डर 22 ची: रबाळ्यातल्या एका विक्रीचा प्रकरण अभ्यास

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीतल्या एका कार्टन कारखान्याच्या परचेस विभागाकडून तीन ओळींचा मेल आला. 55 किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर (मशीनांना दाबाची हवा पुरवणारं यंत्र), सोबत ड्रायर (त्या हवेतलं पाणी काढणारा), डिलिव्हरी चार आठवड्यांत. दर आणि पेमेंट टर्म्स लगेच कळवा. विक्रीतल्या माणसाला असा मेल म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. ग्राहकाने मॉडेल ठरवलंय, पैसे मंजूर आहेत, घाईसुद्धा त्यालाच आहे.

मी तेव्हा एका कॉम्प्रेसर डीलरकडे सेल्स इंजिनिअर होते. एप्रिल ते जून कोरडे गेले होते. ड्रायर धरून ही ऑर्डर साधारण 13 लाखांची झाली असती आणि तिमाहीचं निम्मं टार्गेट एकदम सुटलं असतं. प्रत्यक्षात त्या कारखान्याने आमच्याकडून 22 किलोवॅटचं मशीन घेतलं, तेही पाच महिन्यांनी. मधल्या काळात काय झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल करून विक्रीत येऊ पाहणारी मुलं मला हमखास विचारतात, "मॅडम, या नोकरीत शिकलेल्या इंजिनिअरिंगचं काय होतं?"

55 च का?

मी कोटेशन काढण्याआधी मेंटेनन्स प्रमुखांना फोन केला आणि एवढंच विचारलं. ते म्हणाले, "नव्या शेडमधलं फोल्डर-ग्लुअर हवेच्या प्रेशरवर ट्रिप होतंय. 37 चे दोन आहेत, दोन्ही चालू असतात, तरी पुरत नाही. आणि शेठ म्हणतात पुढच्या वर्षी अजून एक पंचिंग मशीन येतंय, तेव्हा आताच मोठा घेऊन टाका."

फोल्डर-ग्लुअर म्हणजे कार्टन दुमडून चिकटवणारं मशीन, आणि ट्रिप होणं म्हणजे ते आपोआप बंद पडणं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मशीन ट्रिप होत होतं, दोन्ही कॉम्प्रेसर चालत होते, नवं मशीन येणार होतं. फक्त 'हवा पुरत नाही' हा निष्कर्ष कुणी मोजून काढलेला नव्हता. मशीनपाशी प्रेशर कमी असणं आणि हवा कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाकी भरलेली असतानाही चौथ्या मजल्यावरच्या नळाला बारीक धार येऊ शकते, तसंच हे.

या पट्ट्यातले कारखाने पाहिलेल्या माणसाला अशी शंका यायलाच हवी. राज्यात एमआयडीसीची स्थापना 1962 साली झाली, ठाण्याची वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. पुढे खाडीपलीकडे दिघ्यापासून नेरुळपर्यंत टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) हा औद्योगिक पट्टा उभा राहिला. इथे कारखाना सहसा एकदम बांधला जात नाही. आधी एक गाळा, मग शेजारचा, मग मागे पत्र्याची शेड. प्रत्येक वेळी हवेच्या लाइनीला एक फाटा जोडायचा, हाताशी असेल तो पाइप लावायचा आणि मशीन सुरू करायचं. वीस वर्षांनी त्या लाइनीचा नकाशा कुणाकडेच नसतो. असतो तो कॉम्प्रेसर ऑपरेटरच्या डोक्यात.

इथल्या ऑपरेटरना सगळे मामा म्हणायचे. पहिल्या भेटीत मी केबिनमध्ये न बसता थेट कॉम्प्रेसर रूममध्ये गेले, तेव्हा मामांनी स्टूल पुसून दिलं आणि म्हणाले, "ताई, नवीन मशीन देताय ना? द्या लवकर. रात्रपाळीला दर तासाला बोलावतात मला." कागदावर हे प्रकरण 55 किलोवॅटचं होतं, मामांसाठी ते मोडलेल्या झोपेचं होतं. पुढे मला याचा फार उपयोग झाला.

चार आकडे

मी एक प्रेशर गेज घेऊन कॉम्प्रेसरपासून शेवटच्या मशीनपर्यंत चालत गेले आणि जिथे टॅपिंग मिळेल तिथे आकडा लिहिला. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी 7.8 बार (बार हे दाबाचं एकक). ड्रायर आणि फिल्टरनंतर 6.9. मुख्य हेडरवर, म्हणजे जिथून फाटे फुटतात त्या मोठ्या पाइपवर, 6.7. नव्या शेडच्या टोकाला, जिथे मशीन ट्रिप होत होतं, तिथे 5.4. मशीनला लागत होते 5.5, आणि 5 च्या खाली गेलं की ते स्वतःहून थांबायचं. शेजारच्या धूळ गोळा करणाऱ्या बॅग फिल्टरने दर काही सेकंदांनी हवेचा झटका मारला की काटा 4.8 वर यायचा. मामांना रात्री कोण उठवत होतं ते इथे कळलं.

म्हणजे वाटेत 2.4 बार हरवत होते. नीट आखलेल्या लाइनीत कॉम्प्रेसरपासून वापराच्या जागेपर्यंत दहाव्या हिश्शापेक्षा जास्त तूट येऊ नये असा सर्वमान्य ठोकताळा आहे. इथे ती तीस टक्के होती. सगळ्यात मोठा घास, 1.3 बारचा, नव्या शेडकडे जाणारी लाइन घेत होती. शेड बांधली तेव्हा कुणीतरी उरलेला एक इंची जीआय पाइप टाकला होता. ऐंशी मीटर लांब, वाटेत अकरा एल्बो. पाइपमधली प्रेशरची तूट व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने बदलते. त्याच हवेसाठी पाइप दुप्पट व्यासाचा केला, तर तूट जवळजवळ तिसाव्या हिश्शावर येते. हे गणित आपण सगळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये सोडवतो, पास होतो आणि विसरतो. तेरा लाखांच्या निर्णयाला ते पुरून उरलं.

या पाइपच्या मागे 55 किलोवॅटचाच काय, 110 चा कॉम्प्रेसर लावला असता तरी नव्या शेडला फारसा फरक पडला नसता. फार तर प्रेशर साडेआठ बारवर नेऊन ढकलाढकली करता आली असती. पण 7 बारच्या आसपास प्रत्येक वाढीव बारला वीज सहा-सात टक्के जास्त लागते, आणि प्रेशर चढवलं की गळतीही वाढते.

सुट्टीच्या दिवशीची शिट्टी

दुसरी मोजणी गळतीची. ती कारखाना बंद असतानाच करायची असते, म्हणून साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी आठला मी आणि मामा आत गेलो. पद्धत साधी आहे आणि ऊर्जा दक्षता ब्युरोच्या अभ्यास साहित्यातही ती आहे: सगळी मशीनं बंद, लाइनीचे व्हॉल्व्ह उघडे, एकच कॉम्प्रेसर चालू. हवा वापरणारं कुणीच नाही, तरी प्रेशर उतरतं आणि कॉम्प्रेसर पुन्हा लोड घेतो, म्हणजे हवा दाबायला लागतो; प्रेशर भरलं की अनलोडवर जातो, म्हणजे हवा न दाबता नुसता फिरतो. लोडचे सेकंद भागिले लोड-अनलोडचे मिळून सेकंद. जो हिस्सा येईल, तेवढी त्या कॉम्प्रेसरची हवा भोकांतून जाते आहे.

मी मोबाइलचा स्टॉपवॉच धरला, मामांनी कार्टनच्या एका तुकड्यावर पेनाने आकडे लिहिले. दहा फेऱ्यांची सरासरी: लोड 48 सेकंद, अनलोड 72. म्हणजे 40 टक्के. मशीन 230 सीएफएमचं (मिनिटाला 230 घनफूट हवा देणारं), तेव्हा 92 सीएफएम हवा रात्रंदिवस नुसती बाहेर जात होती.

आता भोकं शोधायची. एरवी बंद कारखान्यात गळती कानाने सापडते, बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. त्या दिवशी पावसाने पत्रा असा झोडपायला घेतला होता की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. आम्ही अर्धा तास चहा पीत थांबलो. सर उतरली आणि एकेक शिट्टी ऐकू यायला लागली. मामा साबणाचं पाणी फवारायचे, बुडबुडे फुगले की मी तिथे लाल फीत बांधायची. दुपारपर्यंत सव्वीस फिती झाल्या. क्विक कपलिंगच्या झिजलेल्या रिंगा, फाटलेले पीयू ट्यूब, एका बंद पडलेल्या मशीनकडे जाणारी आणि कुणीही न तोडलेली लाइन. सात बारवर तीन मिलिमीटरच्या एका भोकातून जाणाऱ्या हवेमागे सुमारे तीन किलोवॅट वीज जाते, हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते त्या फितीकडे बराच वेळ बघत राहिले.

सगळ्यात मोठी गळती ड्रायरखालच्या ऑटो ड्रेनला, म्हणजे साठलेलं पाणी आपोआप सोडणाऱ्या व्हॉल्व्हला होती. पावसाळ्यात हवेत एवढी वाफ असते की 340 सीएफएम हवा दाबली, तर दिवसभरात 300 लिटरहून अधिक पाणी निघतं. एवढं पाणी काढता काढता ड्रेनच्या व्हॉल्व्हमध्ये गंज अडकला आणि तो उघडाच राहिला. पाण्याच्या जोडीने हवाही अखंड जात होती. खाली पाणी पडताना दिसायचं, म्हणून सगळ्यांना वाटायचं की ड्रेन छान काम करतोय.

त्यानंतर चार दिवस फ्लो मीटर आणि एनर्जी मीटर लावून ठेवले. सरासरी वापर 340 सीएफएम, सर्वांत जास्त 410. दोन मशीनची क्षमता 460. हवा कधीच कमी नव्हती.

ऑफिसमधली संध्याकाळ

इथवरचं काम इंजिनिअरचं. खरी कसरत याच्यापुढे होती, आणि मुलांना मी मुद्दाम सांगते ते हेच.

आमचे सेल्स मॅनेजर म्हणाले, "मोजलंस ते बरोबर आहे. पण दोघा स्पर्धकांनी 55 ची ऑफर कधीच दिली आहे. तू पाइप आणि साबणाच्या पाण्याचा रिपोर्ट देशील, परचेसवाले तो बाजूला ठेवतील आणि एल-वनला पीओ देतील. ग्राहकाचं भलं झालं नाही आणि आपलंही नाही, असं होईल." एल-वन म्हणजे सर्वांत कमी दर देणारा, पीओ म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर. त्यांच्यावर मी रागावू शकले नाही, कारण ते म्हणत होते तसं अनेकदा होतं. परचेसच्या कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंटमध्ये 'पाइप बदला' या उत्तरासाठी रकाना नसतो.

मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं की मागितलेली 55 ची ऑफरही द्यायची. पूर्ण, वेळेत, योग्य दरात. त्यामुळे आम्ही स्पर्धेत राहिलो आणि परचेसच्या माणसाची फाइल अडली नाही. त्याच पाकिटात दुसरा कागद: हे मशीन घेण्याआधी या चार गोष्टी करा, त्यानंतरही 5.5 बार मिळाले नाहीत तर याच दरात 55 देऊ, दर नव्वद दिवस कायम. कागदावरचं हे शेवटचं वाक्य मॅनेजरांचं. मला ते सुचलं नसतं. मार्केटिंग म्हणजे काय ते मला त्या वाक्याने जेवढं शिकवलं, तेवढं संध्याकाळच्या कोर्सच्या दोन वर्षांत क्वचितच मिळालं. त्या वाक्याने ग्राहकाचा धोका आम्ही अंगावर घेतला होता.

माझी चूक

शेठसमोरच्या मीटिंगसाठी मी बचतीचा हिशेब केला. गळती 92 वरून 35 सीएफएमवर आणता येईल, म्हणजे 57 सीएफएम वाचतील. हवेच्या त्या प्रमाणाला साधारण 10 किलोवॅट लागतात. वर्षाला 7,200 तास, म्हणजे 72,000 युनिट. त्यांना युनिट सगळं धरून 9 रुपयांना पडत होतं. वर्षाला 6 लाख 48 हजार. स्लाइडवर मोठ्या अक्षरात टाकलं.

मीटिंगच्या आदल्या रात्री कळव्याला घरी बसून मी फ्लो मीटरचा आलेख पुन्हा पाहत होते आणि पोटात गोळा आला. त्यांची मशीनं लोड-अनलोडवर चालणारी होती. अशा मशीनची हवेची गरज कमी झाली, तर ते जास्त वेळ अनलोडवर राहतं, पण अनलोडवरही पूर्ण लोडच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढी वीज खातच राहतं. त्यांच्या मशीनवर मोजलेली वीज लोडला 40 किलोवॅट होती, अनलोडला 12. वाचणार होता तो फक्त मधला फरक. मशीनच्या पाव क्षमतेएवढी हवा वाचली, तर 28 किलोवॅटचा पाव, म्हणजे 7 किलोवॅट. वर्षाला 50,000 युनिट, साडेचार लाख.

मी स्लाइड बदलली नाही. मीटिंगमध्ये 6.48 चा आकडा दाखवला, पेनाने खोडला, शेजारी 4.5 लिहिलं आणि का ते सांगितलं. शेठ पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकले. म्हणाले, "म्हणजे माझं मशीन काही न करता 12 किलोवॅट खातं?" तिथून व्हीएफडी मशीनचा, म्हणजे गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणाऱ्या कॉम्प्रेसरचा विषय निघाला, आणि तो त्यांनीच काढला. माझ्या आधीच्या फुगलेल्या आकड्यात तो प्रश्न झाकला गेला होता.

एकच मोजणी, चार माणसं

त्या खोलीत चौघं होते आणि माझ्याकडे मोजणी एकच होती. शेठना रुपये आणि पुढच्या वर्षीचं पंचिंग मशीन. परचेसला दोन ऑफरची सरळ तुलना होईल असा तक्ता. अकाउंट्सला एवढंच, की आधी सुमारे 4 लाख आणि उरलेलं नंतर.

मेंटेनन्स प्रमुखांचं दुखणं तिघांपेक्षा वेगळं होतं. नवं मशीन आणलं आणि तरी ट्रिप झालं, तर दोष मशीनचा. मशीन न आणता ट्रिप झालं, तर दोष त्यांचा. शिवाय सव्वीस लाल फिती म्हणजे शेठसमोर त्यांच्याच कामाचा पंचनामा. मी मीटिंगच्या दोन दिवस आधी त्यांना एकट्याला भेटून सगळे आकडे दाखवले होते आणि रिपोर्ट त्यांच्या विभागाच्या नावाने मांडायची तयारी दाखवली होती. गळतीचे आकडे शेठना त्यांनीच सांगितले. ते म्हणाले, "आम्ही सुट्टीच्या दिवशी टेस्ट घेतली." हे 'आम्ही' मला त्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाटतं. ज्याच्या हातात उद्या ते मशीन असणार आहे त्याला खाली पाहायला लावून केलेली विक्री पहिल्या ब्रेकडाउनला उलटते.

पुढे

काम दसऱ्याच्या आत झालं. नव्या शेडला दोन इंची लाइन, शक्य तिथे एल्बोऐवजी लांब बेंड. बॅग फिल्टरच्या शेजारी 1,000 लिटरचा रिसीव्हर (हवा साठवायची टाकी), हायड्रो टेस्टच्या सर्टिफिकेटसह, म्हणजे झटका तिथल्या तिथे भागेल. चोंदलेलं फिल्टर एलिमेंट बदललं. सव्वीसपैकी बावीस गळत्या बंद केल्या, ऑटो ड्रेन नवा बसवला. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी प्रेशर 7.8 वरून 6.9 केलं, तरी नव्या शेडच्या टोकाला 6.1 मिळू लागलं. एनर्जी मीटरवर सरासरी 65 किलोवॅट होते, ते 55 झाले. रात्रपाळीला ट्रिप बंद.

आमच्या हिशेबात पडले 4 लाख. माझा इन्सेंटिव्ह त्या तिमाहीत निघाला नाही आणि ते लागलं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यावर धरलं होतं, पैसे बहिणीकडून घ्यावे लागले. या क्षेत्रात यायचं ठरवणाऱ्याने पगाराचा हा बदलता भाग समजून उमजून यावं. टार्गेट वर्षाचं असलं तरी घरखर्च महिन्याचा असतो.

डिसेंबरमध्ये शेठचा फोन आला. आता 283 सीएफएमची गरज होती: एक मशीन पूर्ण आणि दुसऱ्याकडून जेमतेम 53. एवढ्यासाठी 37 चं जुनं मशीन तीन चतुर्थांश वेळ अनलोडवर धावत होतं. 37 चंच व्हीएफडी घेतलं असतं तर 53 सीएफएम ही त्याच्या किमान वेगाच्याही खालची गरज ठरली असती, म्हणून 22 किलोवॅटचं, 130 सीएफएमचं व्हीएफडी सुचवलं. जुनं स्टँडबाय. पंचिंग मशीन आलं की दोघांची मिळून 360 पुरतील, नाही पुरले तर स्टँडबाय आहेच. या वेळी तीन कोटेशन मागवलीच गेली नाहीत.

आणखी एक गोष्ट केली, ती कंपनीने सांगितलेली नव्हती. आमची सगळी माहितीपत्रकं इंग्रजीत असत आणि ती साहेबांच्या टेबलावर पडून राहत. मी एका पानाचं मराठी कार्ड केलं: लोडचे सेकंद कसे मोजायचे, साबणाचं पाणी कुठे मारायचं, ड्रेन नीट चाललाय हे कसं ओळखायचं. लॅमिनेट करून मामांच्या रूममध्ये लावलं. मामांनी त्यावर मार्करने स्वतःची ओळ घातली: 'पाऊस थांबल्यावर ऐका.' पुढच्या छपाईत ती ओळ घेतली. पावणे आणि महापे भागातून नंतर आलेल्या दोन चौकश्या हे कार्ड पाहिलेल्या ऑपरेटरांच्या तोंडून आल्या होत्या.

सगळं गोड झालं असंही नाही. पुढच्या जुलैत पुन्हा सुट्टीच्या दिवशी टेस्ट घेतली, तर 35 वर आणलेली गळती 61 सीएफएम झाली होती. कपलिंग झिजतात, ट्यूब फाटतात, आणि फिती बांधणं कुणाच्याच नेमून दिलेल्या कामात नव्हतं. मी हस्तांतर करताना हे ठरवून घ्यायला हवं होतं. आता आमच्या प्रत्येक ऑफरमध्ये वर्षातून दोन गळती-चाचण्या धरलेल्या असतात, आणि त्या कुणी करायच्या त्या माणसाचं पद ऑफरमध्येच लिहिलेलं असतं. मामा त्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या मुलाला पहिली टेस्ट त्यांनीच शिकवली, कार्टनच्या तुकड्यावर आकडे लिहून.